एकाच तळव्याचा घाम

पेशंट समोर येऊन बसला की मी लगेच त्याचा केसपेपर उघडत नसे. दोन्ही हात टेबलावर उताणे ठेवायला सांगायची आणि माझ्या बोटांची मागची बाजू आधी त्याच्या एका तळव्यावरून, मग दुसऱ्यावरून फिरवायची. कुठे दुखतं, कधीपासून, काय लागलं, हे सगळं नंतर. तीस वर्षांहून जास्त काळ ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून मी हातांवर काम केलं, आणि ही सवय मला पुस्तकाने लावली नाही. ती एका व्हरांड्यात लागली.

१९८८ साली पहिली नोकरी मिळाली ती विदर्भातल्या एका कुष्ठरुग्णालयात. बहुविध औषधोपचार येऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. गोळ्यांनी जंतू मरत होते, पण ज्या नसा आधीच मेल्या होत्या त्या परत येत नव्हत्या. सकाळी सातला व्हरांड्यात बादल्यांची रांग लागायची. वीस मिनिटं पाय पाण्यात, मग खरबरीत दगडाने टाचांची मेलेली कातडी घासायची आणि ओल्या पायांवरच तेल चोळायचं. एकदा एक पेशंट टॉवेलने पाय खसाखसा कोरडे करत होता, तर तिथले जुने मदतनीस, जे स्वतः त्याच रुग्णालयात बरे झाले होते, त्याच्या हातातून टॉवेल काढून घेत म्हणाले, "आंगातलं पाणी बंद झालं ना गा, मंग वरचं पुसून कायले टाकतं?" नवशिकी मी बाजूला उभी होते. त्या एका वाक्यात त्या रुग्णालयाचं निम्मं शास्त्र होतं.

आपल्या कातडीत वीस ते चाळीस लाख घामाच्या ग्रंथी असतात आणि तळहात-तळपायांवर त्या सगळ्यांत दाट असतात. ग्रंथी आपल्या मनाने पाझरत नाही. मणक्यातून, छातीच्या आणि कमरेच्या वरच्या भागातून निघणारे अतिशय बारीक तंतू तिला हुकूम देतात. हे तंतू पुढे हातापायांच्या मोठ्या नसांच्या सोबतीनेच जातात. म्हणजे स्पर्श कळवणारे, स्नायू हलवणारे आणि घाम आणणारे, असे तिन्ही प्रकारचे तंतू एकाच नसेतून चालतात. नस मेली की तिन्ही जातात. बधिरपणा लोकांना समजतो, वाकडी झालेली बोटं तर साऱ्या गावाला दिसतात. कोरडेपणाकडे मात्र कोणी बघत नाही. आणि जखम सुरू होते ती तिथूनच. घाम नाही म्हणून कातडी कडक होते, कडक झाली म्हणून भेग पडते, आणि बधिर म्हणून ती भेग दुखत नाही. न दुखणाऱ्या भेगेवर माणूस दिवसभर चालतो. हाडापर्यंत गेलेले व्रण मी पाहिले आहेत, आणि त्यांतल्या कित्येकांची सुरुवात अशाच एखाद्या नखभर भेगेने झाली होती.

मे महिन्यात शेतावरून आलेला एक गडी कमरेवरचा चट्टा दाखवत म्हणाला होता, "सारं आंग भिजते जी, हा एवढाच कोरडा रायते." सुई-पिसाची तपासणी आम्ही केलीच, पण निदान त्याने स्वतःच आणून दिलं होतं. भारतात कुष्ठरोगाचं सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून निर्मूलन २००५ साली झाल्याचं जाहीर झालं. तरी पेशंट येतच राहिले आणि आजही येतात. उन्हात राबणाऱ्या माणसाला असं एखादं कोरडं बेट अंगावर सापडलं, तर ते त्याने सरकारी दवाखान्यात दाखवावं. औषध फुकट आहे, आणि वेळेवर घेतलं तर नस वाचते.

पुढे मी मुंबईत आले, एका सार्वजनिक रुग्णालयाच्या हँड क्लिनिकमध्ये. इथले हात वेगळे होते. पॉवर प्रेसमध्ये सापडलेले, काचेने कापलेले, लोकलच्या दारात चेमटलेले. इथे माझं सगळ्यात आवडतं उपकरण होतं एक साधं प्लॅस्टिकचं पेन. पेनाची गुळगुळीत बाजू बोटावरून हलकेच ओढायची. चांगल्या कातडीवर घामाचा अगदी पुसटसा ओलावा असतो, त्यामुळे पेन किंचित अडखळतं. नस तुटलेल्या जागी ते काचेवरून सरकावं तसं सरकतं. मनगटाजवळ मधली नस, म्हणजे मीडियन, तुटली असेल तर अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि करंगळीशेजारच्या बोटाची अंगठ्याकडची अर्धी बाजू कोरडी पडते. एकाच बोटाचा अर्धा भाग कोरडा आणि अर्धा ओला. पेनाने ती सीमारेषा शोधताना मला दर वेळी नवल वाटायचं, शेवटच्या वर्षापर्यंत.

पत्रा कापताना मनगट चिरलेला एक कारागीर होता. नस शिवून दोन महिने झाले होते, आणि दर आठवड्याला नवीन भाजल्याची खूण घेऊन यायचा. कधी चहाचं पातेलं, कधी विडी. बोटं बधिर आहेत, जपा, असं मी दहा वेळा सांगितलं असेल. शेवटी एक दिवस विद्यार्थ्यांना दाखवायची म्हणून आम्ही त्याच्यावर आयोडीन-स्टार्चची तपासणी केली. व्हिक्टर मिनर या रशियन मज्जातज्ज्ञाने १९२८ साली सांगितलेली ही जुनी रीत. आयोडीन, स्पिरिट आणि एरंडेलाचं मिश्रण तळव्याला लावायचं, वाळलं की वर स्टार्चची पूड भुरभुरायची आणि घाम यायची वाट बघायची. आम्ही त्याला गरम चहा दिला. पाचेक मिनिटांत करंगळीच्या बाजूला निळेकाळे ठिपके उमटायला लागले, वाढत वाढत ती बाजू काळी झाली. अंगठ्याकडची बाजू पिवळसर राहिली, जशीच्या तशी. मधली रेषा पट्टीने आखल्यासारखी. तो बराच वेळ बघत बसला आणि म्हणाला, "म्हणजे एवढा हात माझा नाहीये सध्या." त्यानंतर त्याने त्या बोटांना कापडी पट्टी गुंडाळली आणि नवीन भाजणं थांबलं. माझ्या दहा वेळच्या सांगण्याने जे झालं नाही ते त्या काळ्या ठिपक्यांनी केलं.

शिवलेली नस साधारण रोज एक मिलिमीटर पुढे सरकते. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत पोचायला सहा महिने सहज जातात. तो दिवस मोजत होता. सातव्या महिन्यात आला तेव्हा दारातूनच हात पुढे केला, "मॅडम, ओला झाला!" खरंच, पेन अडखळत होतं. मग मी त्याला डोळे मिटून खिशातलं नाणं ओळखायला सांगितलं. रुपया की दोन रुपये, सांगता आलं नाही. त्याचा चेहरा उतरला. स्वीडनच्या एरिक मोबर्ग यांनी १९५८ साली निनहायड्रिनची तपासणी मांडली, बोटांचे ठसे जांभळे करणारं तेच रसायन वापरून. घाम परतला की कामाचा स्पर्शही परतला, असं त्यांना वाटलं होतं. शिवलेल्या नसेच्या बाबतीत ते तसं नेमकं जुळत नाही, हे पुढे बऱ्याच जणांना दिसलं. घाम आणणारे बारीक तंतू आपलं घर शोधून काढतात, पण स्पर्शाच्या तंतूंची घरं बदलून जातात, आणि मेंदूला नवे पत्ते शिकवावे लागतात. आम्ही तांदूळ, मूग, बटणं, किल्ल्या घेऊन ते वर्षभर शिकवत राहिलो. दोन रुपयांचं नाणं त्याला पुढे ओळखता आलं. बारीक स्क्रू मात्र शेवटपर्यंत डोळ्यांनीच उचलायचा.

लहान मुलांची गोष्ट निराळी. संक्रांतीच्या आठवड्यात मांज्याने कापलेले हात यायचे. सहा वर्षांच्या मुलाला "इथे कळतं का, तिथे कळतं का" विचारून काही हाती लागत नाही, तो नुसता आईकडे बघतो. त्यांच्यासाठी आम्ही कोमट पाण्याचा टब आणि कागदाच्या होड्या ठेवल्या होत्या. साधारण चाळीस अंशांच्या पाण्यात अर्धा तास खेळू द्यायचं. चांगली बोटं सुरकुततात, नस तुटलेली बोटं गुळगुळीत राहतात. डब्लिनच्या ओ'रिअन यांनी १९७३ साली हे तपासणी म्हणून मांडलं. मला ते वाचण्याआधीच एका धुणंभांडीवाल्या ताईने सांगितलं होतं: "बाई, भांडी घासली की सगळी बोटं म्हातारी होतात, ही दोन तेवढी तरणी." तिच्या कोपरापाशी नस दबलेली होती.

इथवर मी कोरड्या हातांबद्दल सांगितलं. आता ज्या ओल्या हाताबद्दल सांगायचंय, तो माझ्या मनावर ओझं होऊन बसला आहे.

१९९६ चा पावसाळा. एका पोळीभाजी केंद्रावर काम करणाऱ्या मावशी निसरड्या पायरीवरून पडल्या आणि उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. प्लास्टर निघालं तेव्हा एक्स-रे उत्तम होता, हाड छान जुळलं होतं. हात मात्र सुजलेला, तुकतुकीत, जांभळट. आणि ओला. नुसता दमट नव्हे, बोटांच्या टोकांवर घामाचे थेंब दिसायचे. त्या हातावर कायम एक ओला नॅपकिन ठेवायच्या. वारा लागला तरी आग होते, म्हणायच्या. पदर घासला तरी ओरडायच्या. सोबत आलेला मुलगा म्हणाला, "घरी सगळं सुनेवर पडलंय, हिला कामच नको झालंय." मी त्याला गप्प करायला हवं होतं. त्याऐवजी मी मावशींची बोटं धरून जोराने दुमडली, कारण आम्हाला शिकवलं होतं की आखडलेला सांधा सोडवायचा, थोडं दुखणारच. त्यांनी हात ओढून घेतला. असं तीन वेळा झाल्यावर मी केसपेपरवर लिहिलं: पेशंट सहकार्य करत नाही. मावशी यायच्या बंद झाल्या.

दोन महिन्यांनी शेजारणीने त्यांना पुन्हा आणलं. योगायोगाने त्या दिवशी वेदनाचिकित्सेचे एक ज्येष्ठ डॉक्टर क्लिनिकमध्ये होते. त्यांनी मावशींचे दोन्ही हात हळूच मांडीवर शेजारी शेजारी ठेवले, आधी डाव्याला हात लावला, मग उजव्याच्या फक्त कडेला. मी म्हटलं, "सर, पेशंट फार घाबरट आहे, घाबरून घाम येतो." ते म्हणाले, "भीतीचा घाम दोन्ही तळव्यांना येतो. यांचा एकच भिजलाय."

मी त्यानंतर शेकडो हात पाहिले आणि ते वाक्य प्रत्येक हातावर ताडून पाहिलं. परीक्षेला बसलेल्या मुलाचे, इंजेक्शनला घाबरणाऱ्या माणसाचे दोन्ही तळवे सारखे ओले असतात. एका बाजूचा तळवा दुसऱ्यापेक्षा स्पष्ट जास्त ओला किंवा स्पष्ट जास्त कोरडा असेल, तर त्याचं उत्तर माणसाच्या स्वभावात नाही, त्याच्या नसांत शोधायचं. मावशींचं दुखणं खोटं असतं तर त्यांना एकाच हाताला घाम आणता आला असता का? कोणालाच येत नाही. घाम हुकमी आणता येत नाही, निम्म्या अंगाला तर नाहीच. त्यांच्याजवळ पुरावा होता, आणि मी तो त्यांच्याच नॅपकिनने पुसून पुढच्या व्यायामाकडे वळले होते.

मावशींना झालेला हा आजार मुळीच नवा नाही. अमेरिकेच्या यादवी युद्धात सायलस वेअर मिचेल फिलाडेल्फियाच्या रुग्णालयात गोळीने नसा दुखावलेले सैनिक तपासत होते. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८६४ साली लिहिलेल्या पुस्तकात तुकतुकीत कातडीचे, आगीसारखे जळणारे हात आहेत. ते सैनिक पाण्याची बाटली आणि ओलं फडकं जवळ बाळगायचे, कोणी तर बुटांत पाणी ओतायचा. हे मी बऱ्याच वर्षांनी वाचलं तेव्हा मावशींचा नॅपकिन डोळ्यांपुढे आला. पुढे या आजाराची नावं बदलत गेली. १९९४ साली कॉम्प्लेक्स रीजनल पेन सिंड्रोम हे नाव ठरलं, आणि २००३ मध्ये बुडापेस्टला जमलेल्या तज्ज्ञांनी निदानाचे निकष आखले. त्यांत चार गट आहेत: संवेदना, रंग-तापमान, घाम-सूज, आणि हालचाल-कातडी-नखं. दोन्ही बाजूंच्या घामातला फरक हे तिथे अधिकृत लक्षण आहे. कधी तो वाढतो, कधी घटतो. मोठी नस दुखावलेली असो वा नसो, साध्या फ्रॅक्चरनंतर, कधी नुसत्या मुरगळण्यानंतरसुद्धा हे होतं.

मावशींना मानेत, स्टेलेट गँग्लियनपाशी, भुलीचं इंजेक्शन दिलं. हाताला घाम आणणारे तंतू त्याच गाठीतून जातात. थोड्या वेळात त्यांची उजवी पापणी किंचित खाली आली, हात गरम झाला आणि कोरडा पडला. मी शेजारी उभी होते. मावशींनी डाव्या हाताने स्वतःचा उजवा तळवा हळूच दाबून पाहिला, मग नॅपकिन घडी करून पिशवीत ठेवला. कित्येक महिन्यांत त्यांना तो हात धरता आला नव्हता. इंजेक्शनचा परिणाम उतरतो, पण तेवढ्या अवधीत न दुखवता हालचाल करून घेता येते. पुढे अशी आणखी इंजेक्शनं झाली, आणि माझी पद्धत पूर्ण बदलली. कापूस, रेशमी चिंधी, मग सुती, मग डाळी. बोटं त्या स्वतः हलवणार, मी फक्त धरणार. सहकार्याबद्दलची ती ओळ मी खोडली आणि खाली सही करून लिहिलं की हे मत चुकीचं होतं. हात पूर्ण आला नाही. मूठ तीन-चतुर्थांश मिटायची, कणीक तिंबता येत नव्हती. त्या दोन महिन्यांचं नुकसान मी भरून देऊ शकले नाही.

अशा पेशंटच्या घामाची स्वतःची दुखणीही असतात. सतत भिजलेल्या हाताला बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, हातातून पेला निसटतो, मोबाइल बोटाचा ठसा घेत नाही. सुती हातमोजा आणि दिवसातून चारदा बदलायचा रुमाल, एवढ्यानेही दिवस सुसह्य होतो. दुखण्यावरच्या गोळ्यांचाही घामाशी संबंध आहे. ॲमिट्रिप्टिलीनने घाम कमी होऊ शकतो, तोंडही कोरडं पडतं. ड्युलॉक्सेटिन किंवा ट्रॅमाडॉलने तो वाढू शकतो. हे डॉक्टरांना सांगावं, गोळी आपल्या मनाने बंद करू नये. गोळीचा परिणाम सगळ्या अंगावर होतो, एकाच हातावर नाही, त्यामुळे दोन तळव्यांची तुलना इथेही उपयोगी पडते.

मणक्याच्या वॉर्डातला एक तरुण अजून आठवतो. आंब्याच्या झाडावरून पडून छातीच्या वरच्या भागात मणका दुखावलेला. खालच्या अंगाला घाम नाही, म्हणून उन्हाळ्यात त्याचं अंग तापायचं. आम्ही ओल्या चादरीने पुसून काढायचो. एका दुपारी मी त्याला बसायला शिकवत होते आणि त्याचं कपाळ अचानक निथळायला लागलं. चेहरा लाल, डोकं फुटतंय म्हणाला. पाय मात्र थंड, कोरडे. जुन्या सिस्टरांनी एक क्षण न दवडता चादर उचलली. लघवीची नळी मांडीखाली मुडपली होती. ती सरळ केली, पिशवीत धार लागली आणि काही मिनिटांत घाम ओसरला. मणका सहाव्या वक्षीय पातळीवर किंवा त्याच्या वर दुखावला असेल, तर भरलेलं मूत्राशय, तुंबलेला मलाशय, टोचणारं नखसुद्धा रक्तदाब धोकादायक चढवू शकतं. खालचं अंग दुखतंय हे सांगू शकत नाही, म्हणून वरचं अंग घामाने सांगतं. असा पेशंट घरी असेल तर चेहऱ्यावर एकदम घाम आला की त्याला उठवून बसवा आणि आधी नळी बघा. लगेच उतार पडला नाही तर तातडीने रुग्णालय गाठा.

मधुमेहींबद्दल थोडक्यात. कपाळाला धारा लागतात आणि तळपाय मात्र कोरडे, भेगाळलेले, अशी माणसं आपल्या प्रत्येकाच्या घरात आहेत. पायांच्या बारीक नसा गेल्या की शरीर उरलेल्या जागेतून घाम काढतं. त्यांच्या टाचांना तेच करायचं जे त्या व्हरांड्यात चालायचं: पाणी आणि तेल. आजच्या सल्ल्याप्रमाणे मात्र मधुमेहींनी पाय फार वेळ भिजत ठेवू नयेत, पाणी किती गरम आहे ते आधी कोपराने बघावं आणि बोटांच्या बेचक्यात तेल राहू देऊ नये.

निवृत्त होताना माझ्या जागी आलेल्या मुलीला मी ते प्लॅस्टिकचं पेन दिलं. तुमच्या घरात कोणाचं प्लास्टर नुकतंच निघालं असेल, कोणाचा हात कापून शिवलेला असेल, कोणी महिनोन् महिने एकाच हाताची तक्रार करत असेल, तर त्यांचे दोन्ही तळवे शेजारी ठेवून हलकेच स्पर्श करून बघा. फरक वाटला तर डॉक्टरांना तो शब्दांत सांगा: हा हात जास्त ओला आहे, किंवा हा कोरडा आहे. आणि माझ्या व्यवसायातल्या मुलामुलींनो, सहकार्याबद्दल काहीही लिहिण्याआधी केसपेपरवर दोन्ही तळव्यांची नोंद करा.